बाईंना विचारा : टीव्ही आला, आता पुढं?

या महिन्याच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच वस्तूबद्दल आहेत: वर्गातल्या भिंतीवर बसवलेला टीव्ही. कुणाला तो चालत नाही म्हणून तक्रार, कुणाला चालतो म्हणून. त्यातली चार पत्रं घेतली आहेत. पत्रं लांब होती, मी कापलीत, रागावू नका.

प्रश्न : लोकवर्गणीतून शाळेला ४३ इंची टीव्ही मिळाला. पाचवीला परिसर अभ्यासाचे व्हिडिओ दाखवते. मुलं एकदम शांत बसून बघतात. पण चाचणीत जे लिहितात ते वाचून रडू येतं. माझं काय चुकतंय?
– एक शिक्षिका, जत तालुका

ताई, "एकदम शांत बसून बघतात" हे तुम्ही कौतुकानं लिहिलंय. मला नेमकी तिथंच शंका आली. पाचवीची मुलं एकदम शांत कधी असतात? झोप आली असेल तेव्हा, नाहीतर साहेब तपासणीला आले असतील तेव्हा.

माझीच फजिती सांगते. माण तालुक्यातल्या आमच्या शाळेत टीव्ही आला तेव्हा मी पहिला व्हिडिओ लावला तो चंद्रकलांचा. सुंदर होता. निळीशार पृथ्वी, भोवती फिरणारा चंद्र, मागं संगीत. मुलांनी "बाई, परत लावा" म्हणून तीनदा लावायला लावला. मी खूश. दोन दिवसांनी पाटीवर एकच प्रश्न दिला, अमावास्येला चंद्र का दिसत नाही? २६ पैकी १९ जणांनी लिहिलं, "पृथ्वीची सावली पडते म्हणून." एकानं लिहिलं, "ढगामागं जातो." आणि एका मुलीनं लिहिलं होतं, "तो त्या दिवशी सुट्टीवर असतो." ते मला सर्वात प्रामाणिक उत्तर वाटलं.

व्हिडिओत चूक नव्हती. चूक अशी होती, की बघण्याआधी मुलांच्या डोक्यात काय आहे हे मी विचारलंच नाही. सावलीची कल्पना त्यांच्या मनात आधीपासून बसलेली होती. पडद्यावर जे दिसलं ते त्यांनी त्याच कल्पनेत बसवून घेतलं, आणि आम्ही सगळे समाधानानं खिचडी खायला गेलो.

मग जे केलं ते सविस्तर लिहिते, कारण त्याला टीव्ही लागत नाही. मुलांनी मातीचे लिंबाएवढे गोळे केले, खडूच्या पाण्यात बुडवून पांढरे केले आणि वाळल्यावर प्रत्येक गोळा तुरकाठीवर खोचला. खिडक्यांना गोणपाट लावून वर्गात अंधार केला. मधोमध मुलांच्या डोक्याच्या उंचीवर एक उघडा बल्ब टांगला. बल्ब म्हणजे सूर्य, गोळा म्हणजे चंद्र आणि आपलं डोकं म्हणजे पृथ्वी. एका वेळी सहा-सात मुलं, जास्त नकोत, काठ्या डोळ्यांत जातात.

बल्बकडे तोंड करून गोळा हातभर लांब, बल्बच्या किंचित वर धरायचा. आपल्याकडची बाजू काळी दिसते. ही अमावास्या. सावली कुणाची? कुणाचीच नाही. उजेड पलीकडच्या बाजूवर पडलाय, एवढंच. आता हात न हलवता आपण स्वतः डावीकडे हळूहळू वळायचं. गोळ्याच्या उजव्या कडेला बारीक कोर उजळते. पाव फेरी झाली की उजवा अर्धा भाग उजळतो, ती शुक्ल पक्षातली अष्टमी. अर्धी फेरी झाली, पाठ बल्बकडे आली, की पौर्णिमा.

पण पौर्णिमेला तीन-चार मुलं ओरडली, "बाई, माझा चंद्र काळा झाला!" त्यांच्याच डोक्याची सावली गोळ्यावर पडली होती. मी काही बोलायच्या आत शेजारचा म्हणाला, "काठी वर धर की." वर धरल्याबरोबर गोळा उजळला. दोन मिनिटं वर्गात कुणी काही बोललं नाही. मग सुट्टीवरच्या चंद्रवाली मुलगी म्हणाली, "मग सावली पौर्णिमेला पडते, अमावास्येला नाही." चंद्रग्रहण पौर्णिमेलाच का, आणि दर पौर्णिमेला का नाही, हे दोन्ही तिच्या हातात आलं होतं. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी साधारण ५ अंशांनी कललेली असते, हे मी नंतर सांगितलं. ते सांगायला त्या दिवशी कष्ट पडले नाहीत.

तोच व्हिडिओ मी त्यानंतर चौथ्यांदा लावला. यावेळी रिमोट हातात धरून. दर वीस-तीस सेकंदांनी थांबवायचा आणि विचारायचं, "आता पुढं काय दिसेल? वहीत काढा." काढून झालं की सुरू करायचा. दोन मिनिटांचा व्हिडिओ पूर्ण तासिकाभर पुरला, आणि शांतता अजिबात नव्हती.

एक गंमत सांगते. संकष्टीला आई चंद्र उगवेपर्यंत जेवत नाही, हे आमच्याकडच्या प्रत्येक पोराला माहीत असतं, कारण मोदक तोपर्यंत मिळत नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरातून वर्षभरातल्या संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळा उतरवून आणायला सांगा. सगळ्या साधारण रात्री आठ ते साडेदहाच्या आसपास येतात. संध्याकाळी सहाला कधीच का नाही? पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येतो. तीन-चार दिवसांचा हिशेब पोरं बोटांवर करतात.

प्रश्न : आमची शाळा द्विशिक्षकी, चार वर्ग आणि टीव्ही एक. व्हिडिओचा आवाज झाला की शेजारी सरांच्या वर्गाचा बट्ट्याबोळ. त्यात मुलं घरी पावरी बोलतात, व्हिडिओतली पुस्तकी मराठी निम्म्यांच्या डोक्यावरून जाते. टीव्ही परत देऊन टाकावा का?
– एक शिक्षक, धडगाव तालुका

सर, टीव्ही ठेवा, आवाज बंद करा. हे गमतीनं म्हणत नाही. तुमच्या दोन्ही अडचणींवर हाच एक उपाय मला सुचतो.

बी रुजण्याचा व्हिडिओ घ्या. दहा दिवसांची वाढ मिनिटभरात दाखवणारे पुष्कळ आहेत. आवाज शून्यावर. आता एका जोडीला पुढं बोलवा आणि क्रिकेटचं समालोचन करतात तसं बोलायला सांगा. पावरीत. "आता फुगलं, आता साल फाटली, आता खाली पांढरं काहीतरी निघालं." दुसरी जोडी तेच पुन्हा, शक्य तितक्या मराठीत. मुलांकडून आलेले शब्द फळ्यावर दोन रकान्यांत लिहा, एकात त्यांचा, दुसऱ्यात पुस्तकातला. अंकुर, मूळ, बीजपत्र हे शब्द तेव्हा द्या, जेव्हा मुलांनी त्या वस्तूला आपलं नाव दिलेलं असेल. पावरी तुम्हाला येत नसेल तर उत्तमच. त्या तासाला ती गुरुजी आणि तुम्ही विद्यार्थी. आणि बाजूला ओल्या फडक्यात मटकी ठेवायला विसरू नका. पडद्यावरचा मोड हातात घेता येत नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा सगळीकडे त्यांनी पुस्तकांत आणलेल्या क्यूआर कोडचीच चर्चा झाली. आज ते कोड बालभारतीच्या पुस्तकांत आहेत आणि तुम्ही-आम्ही ते रोज वापरतो. पण त्याच कामातली आधीची पायरी अशी, की त्यांनी पुस्तकातला मजकूर मुलांच्या घरच्या भाषेत आणला होता. ही गोष्ट प्रशिक्षणांत कुणी सांगताना मी फारसं ऐकलं नाही. कोड चिकटवायला सोपा असतो, म्हणून असेल.

विजेचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण धडगाव म्हटल्यावर अंदाज येतो. व्हिडिओ आदल्या दिवशी पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. वर्गात नेट शोधत "थांबा हं, थांबा हं" करणारा शिक्षक ही मुलांसाठी मोठी करमणूक असते.

प्रश्न : शहरातल्या शाळांत मुलं मोबाइलवर प्रश्नमंजूषा सोडवतात, कोण पहिला आला ते पडद्यावर दिसतं. आमच्याकडे फोन फक्त माझा. असं काही आम्हाला करता येईल का?
– एक शिक्षिका, मंगळवेढा तालुका

येईल. प्लिकर्स नावाची सोय आहे, तिला वर्गात एकच फोन पुरतो. प्रत्येक मुलाच्या हातात एक कागदी कार्ड. त्यावर काळं-पांढरं ठिपकेदार चित्र, प्रत्येकाचं वेगळं. चार कडांना ए, बी, सी, डी ही अक्षरं अगदी बारीक छापलेली. मुलानं आपल्या उत्तराचं अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला, की कुणी काय उत्तर दिलं ते नावानिशी तुमच्या फोनवर. अक्षरं बारीक असल्यानं शेजाऱ्याचं बघून फिरवता येत नाही. माझ्या वर्गात दोघांनी तसा प्रयत्न केला आणि माना दुखवून घेतल्या.

कार्डं जाड कागदावर छापा, पण चकचकीत लॅमिनेशन करू नका. मी चाळीस कार्डांना हौसेनं केलं आणि उजेड चमकून कॅमेऱ्याला काही वाचता येईना, पैसे पाण्यात. आणि बोटं चित्रावर नकोत, कडेला.

पहिला-दुसरा मात्र काढू नका. त्या यंत्राचा खरा उपयोग वेगळा आहे. हार्वर्डला पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात एक पद्धत रुळवली. प्रश्न विचारायचा, प्रत्येकानं एकट्यानं उत्तर द्यायचं, आणि साधारण ३० ते ७० टक्के बरोबर आले तर शिक्षकानं उत्तर सांगायचंच नाही. शेजाऱ्याला पटवून द्या म्हणायचं आणि पुन्हा मत घ्यायचं.

मी सहावीला विचारलं, ०.५ मोठा की ०.३५? निम्म्या वर्गानं ०.३५ वर कार्ड धरलं, कारण ३५ पाचापेक्षा मोठे. मी गप्प बसले. गप्प बसणं हे यातलं सगळ्यात अवघड काम आहे, बाकी सगळं फोन करतो. चार मिनिटं गलका. रुपया-पैशाचं उदाहरण कुणीच दिलं नाही. या पोरांनी पैसे पाहिलेलेच नाहीत, आठ आणे आजीच्या बटव्यात. पण तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा रोज सकाळी डेअरीला दूध घालून येतो. तो शेजाऱ्याला म्हणाला, "येड्या, ४.५ फॅटला दर जास्त का ४.३५ ला? डेअरीवाला काय शून्य जास्त देतोय व्हय?" दुसऱ्या फेरीत तिघं सोडून सगळ्यांची कार्डं फिरली. दशांश चिन्हाचं जे उदाहरण मी वीस वर्षं शोधत होते, ते रोज सकाळी कॅन घेऊन माझ्या घरावरून जात होतं.

उरलेल्या तिघांची नावं फोनवर होती. त्यांना मधल्या सुट्टीत मीटरपट्टी घेऊन बसवलं. ती नावं मिळणं, हे मला त्या कार्डांचं सगळं मोल वाटतं.

प्रश्न : पाठ टाचण (पाठ कसा घ्यायचा याचं लेखी नियोजन) चॅटजीपीटीकडून काढून घेतलं तर ती लबाडी होईल का?
– नाव-गाव नको, असं लिहिलंय

नाव-गाव देत नाही. टाचणाच्या वहीत आजवर जे काही उतरवलं गेलंय, त्या मानानं ही लबाडी किरकोळच.

मीही करून पाहिलं. उद्दिष्टं, साहित्य, मूल्यमापन ही रकानाभरती चांगली होते, आणि वाचलेला वेळ मुलांना देता येतो. मात्र शाब्दिक उदाहरणं वाचल्याशिवाय वर्गात नेऊ नका. मी गावाकडची गुणाकाराची उदाहरणं मागितली, तर त्यातल्या एका शेतकऱ्याला त्यानं एकरी २०० क्विंटल ज्वारी पिकवून दिली. मी घाईत तसंच फळ्यावर उतरवलं. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "बाई, एवढी निघत असती तर आमचं आबा मुंबईला हमाली कशाला करत असतं?"

मी गणित पुसलं नाही. खाली लिहिलं, "घरी विचारून या, एकरी किती निघते." दुसऱ्या दिवशी तीनपासून दहा क्विंटलपर्यंतचे आकडे आले. पाऊस किती, विहीर आहे का, जमीन काळी की मुरमाड, यावरून भांडणंही आली. त्या आठवड्याचं टाचण मी हातानं लिहिलं.