कार्टूनमधल्या पांडावर मन जडलंय, मैत्रिणी हसतात. काही बिघडलंय का?

अजिबात बिघडलेलं नाही. ‘कुंग फू पांडा’ (2008) मधला पो आवडावा असाच घडवलाय. मी नागपुरात ॲनिमेशन शिकवतो, तेव्हा वर्गात हे हमखास दाखवतो: खऱ्या पांडाच्या डोळ्यातली बाहुली मांजरासारखी उभी चीर असते, पोचे डोळे मात्र गोल, हिरवे, आणि वर हलत्या भुवया. लाज, भूक, हट्ट, सगळं त्या भुवयांत वाचता येतं. शिवाय हिरो म्हणून कुणी त्याच्याकडे बघितलंही नसतं! बापाच्या नूडल्सच्या दुकानात राबणारा, पायऱ्या चढताना धापा टाकणारा. आपल्याकडे सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर बापाला हातभार लावणारा पोरगा असतो ना, अगदी तसा. आणि अफाट शक्तीचं रहस्य असलेली म्हणतात ती गुंडाळी उघडतो तर कोरी, आत फक्त स्वतःचा चेहरा! तिथे जीव अडकला नाही तरच नवल. मैत्रिणींना तोच प्रसंग दाखवा. एवढंच सांभाळा, की समोरच्या माणसाला पोच्या मापाने मोजू नका. पोचं एकेक हसू बऱ्याच जणांनी मिळून, पुन्हा पुन्हा दुरुस्त करून बसवलेलं असतं.