वय ६२, नाशिक. चाळीस वर्षांनी पुन्हा सायकल चालवायची आहे, सुरुवात कशी करू?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ६२, राहायला आनंदवल्लीत. शाळा-कॉलेजात दांडीची सायकल भरपूर चालवलेली, नंतर स्कूटर आली आणि सायकल सुटली. घरात मुलाची गिअरची सायकल बरीच वर्षं धूळ खात पडली आहे. उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो, रक्तदाबाची गोळी चालू आहे. गंगापूर रोडवरच्या सोमेश्वर मंदिरापर्यंत रोज जाऊन यायचं आणि जमलं तर एकदा त्र्यंबक गाठायचं, असा बेत. शिवाय तुमच्या सौभाग्यवतींना सायकल कधीच येत नव्हती, त्यांना आता शिकता येईल का, असंही विचारलंय.

सायकलचा तोल माणूस विसरत नाही, हे खरं. पण तो तोल चालत्या सायकलीचा. साठीनंतर पुन्हा सुरू करणारी माणसं सहसा चालवताना पडत नाहीत. चढताना, उतरताना आणि थांबता थांबता पडतात. म्हणून किती किलोमीटर जायचं हा विचार पहिले पंधरा दिवस बाजूला ठेवा आणि फक्त चढ-उतर घोटा.

तुमची जुनी सवय अशी असणार: डावा पाय पायडलवर, उजव्याने दोन-तीन वेळा ढकलायचं, सायकल धावू लागली की उजवा पाय मागून कॅरिअरवरून टाकायचा. ती सवय अंगात अजून शिल्लक आहे आणि घोळ तिथेच होतो. मांडी पूर्वीइतकी वर उठत नाही, टाच सीटला किंवा कॅरिअरला अडते आणि माणूस सायकलसकट आडवा होतो. हात टेकला तर मनगट जातं, कुशीवर आपटलं तर खुबा. तेव्हा चालत्या सायकलीवर चढणं आता कायमचं बंद.

त्याऐवजी असं करा. सायकलच्या डाव्या बाजूला उभे राहा, दोन्ही ब्रेक दाबून धरा आणि सायकल स्वतःकडे चांगली तिरकी करा. सीट वीतभर खाली येते. उजवा पाय तिच्यावरून पलीकडे टाका. आता दांडी दोन पायांच्या मध्ये, दोन्ही पाय जमिनीवर, सीटवर बसायचं नाही. उजव्या पायाच्या चवड्याने पायडल उलटं फिरवून वर आणा. घड्याळात दोन वाजताना तास काटा जिथे असतो, साधारण तिथे. ब्रेक सोडा आणि त्या पायडलवर पायरी चढल्यासारखा भार द्या. सायकल पुढे सरकते, तुम्ही वर उचलले जाता आणि आपसूक सीटवर येता. डावा पाय त्यानंतर. पायडल वर न आणता निघालात तर अर्धाच रेटा मिळतो, वेग येत नाही आणि हँडल वळवळतं.

थांबताना हेच उलट. वेग चालण्याइतका झाला की उजवं पायडल खाली, त्यावर भार देऊन सीटवरून पुढे उतरा आणि सायकल थांबतानाच डावा पाय जमिनीवर टेका. सीटवर बसल्या बसल्या पायाची बोटं टेकवायची धडपड करू नका, सीट योग्य उंचीवर असेल तर ती पोचणारच नाहीत. पाय नेहमी डावाच टेकायचा, कारण उजवीकडून गाड्या जातात. थांबण्याआधी गिअर हलका करून ठेवा. जड गिअरमध्ये थांबलात की पुन्हा निघताना पायडल हलत नाही. सिग्नलला हिरवा दिवा लागल्यावर मागून हॉर्न सुरू झाले की घाईत नेमकं इथेच चुकतं.

आता सीटची उंची. इथे दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. धीर येण्यासाठी सीट इतकी खाली हवी की बसल्या बसल्या दोन्ही टाचा टेकतील. गुडघ्यासाठी मात्र सीट वर हवी, कारण खाली बसलं की प्रत्येक फेऱ्यात गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीवरचा दाब वाढतो. जिना उतरताना दुखणारा गुडघा याच दाबाने कुरकुरतो. म्हणून सराव सपाट जागेवर, हलक्या गिअरमध्ये, सीट खाली ठेवून करा. चढ-उतर बिनधास्त जमू लागली की दर दोन-तीन दिवसांनी सीट एकेक सेंटीमीटर वर घ्या. शेवटची उंची तपासायची पद्धत सोपी आहे: भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल सगळ्यात खाली आणून त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग चवडा पायडलवर आला की गुडघ्यात थोडा बाक राहतो, तेवढाच हवा. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे किंवा गिअर जड आहे. मागून, लवणीत दुखला तर सीट वर गेली आहे. सीटच्या नळीवर किमान किती भाग आत राहिला पाहिजे याची खूण असते, ती बाहेर दिसू देऊ नका.

गिअरचं गणित तुमच्यासाठी नवीन, पण फार मोठं नाही. डाव्या हाताचा गिअर २ वर ठेवा आणि विसरून जा. उजव्या हाताचा २ वर ठेवून निघा, मोकळा रस्ता मिळाला की ३ किंवा ४. पाय फिरत असतानाच गिअर बदलायचा, पण त्या क्षणी जोर काढून घ्यायचा. चढ सुरू होण्याआधी बदला. ऐन चढावर जोर लावत बदललात तर चेन कडकड करते, कधी उतरतेही. पंधरा सेकंदांत एक गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा. पंधरा ते अठरा वेळा येत असेल तर गिअर बरोबर आहे. दहा-बाराच येत असेल तर तुम्ही जड गिअर रेटताय.

नवी सायकल घ्यायची घाई करू नका, मुलाची आहे तीच दुरुस्तीला टाका. नुसतं ऑइलिंग आणि हवा यावर मात्र भागवू नका. पडून राहिलेल्या टायरच्या बाजूच्या भिंतीला बारीक भेगा पडतात. हवा भरल्यावर टायर ठीक दिसतो आणि आठवड्याभरात फुगा येऊन फुटतो. भेगा असतील तर टायर-ट्यूब दोन्ही बदला. ब्रेकची रबरं कडक होऊन चकाकतात, ती रिमवर नुसती घसरतात, तीही नवी घ्या. ब्रेकच्या वायरी गंजलेल्या असतील तर आवरणासकट बदला, नाहीतर ब्रेक दाबला जातो पण सुटत नाही. दोन्ही चाकांचे छर्रे काढून नवं ग्रीस, हँडलमधले कप तपासणं आणि चाकांचा आऊट (वाकडेपणा) काढणं, एवढं मिस्त्रींना मोजून सांगा. सायकल परत घेताना पुढचा चिमटा (पुढचं चाक धरून ठेवणारा फोर्क) उलटा बसवलेला नाही ना, ते पाहा. पुढच्या चाकाचे ब्रेक चिमट्याच्या पुढच्या बाजूला दिसले पाहिजेत. हसू नका, ही चूक दर दुसऱ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिसते!

टायरवर २६ × १.९५ असं लिहिलेलं असेल आणि वजन सत्तरच्या आसपास असेल तर पुढे ४० आणि मागे ४५ पीएसआय पुरे. टायरवर छापलेली कमाल हवा भरली तर नाशिकच्या पेव्हर ब्लॉकवर मनगटं हबकतात. हवा पंधरा दिवसांनी पाहायची. शक्य असेल तर हँडल सीटच्या पातळीला किंवा थोडं वर आणून घ्या. मुलांच्या सायकलींना ते खाली असतं, त्यावर ओणवून बसलं की मान आखडते आणि तळहात बधिर होतात. उजव्या बाजूला आरसा बसवा. मान पूर्ण वळत नाही त्या वयात तो शोभेचा राहत नाही. आणि कोणता ब्रेक कुठल्या चाकाचा ते हाताने दाबून पाहून घ्या. आपल्याकडे बहुतेक सायकलींचा उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. तो एकटाच कचकन दाबू नका.

बूड दुखणार, पहिले आठ-दहा दिवस नक्की. त्यासाठी जाडजूड जेलचं कव्हर चढवू नका. त्यात हाडं रुततात आणि मधला भाग दाबला जातो. सीट आडवी समतल ठेवा, दर दहा मिनिटांनी पायडलवर क्षणभर उभे राहा. दुखणं चालेल, मुंग्या येणं आणि बधिरपणा चालणार नाही. तसं झालं तर सीटचं नाक अगदी किंचित खाली करा किंवा सीट बदला.

डॉक्टरांना विचारून घ्या, आणि नुसतं 'सायकल चालवू का' असं नव्हे, तर गोळीचं नाव सांगून विचारा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडीचा वेग फारसा वाढत नाही, मग घड्याळात दिसणारे ठोके बघून श्रम किती झाले ते कळत नाही. त्यापेक्षा सोबतच्या माणसाशी दोन सलग वाक्यं बोलता येतायत का ते पाहा, येत नसतील तर वेग कमी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याला लागणं महागात पडतं, हेल्मेटशिवाय सोसायटीच्या आतही नको. हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटांवर, टोपीसारखं मागे सरकवलेलं नाही. मधुमेह असलेल्यांनी खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवाव्यात. आणखी एक, सायकलवर हाडांवर भार पडत नाही, म्हणून हाडांच्या बळकटीसाठी चालणं चालूच ठेवायचं.

रस्त्याबद्दल. सोमेश्वरचा बेत चांगला आहे, तुमच्या घरापासून अंतरही बेताचं. मोकळ्या मैदानात पंधरा दिवस झाल्यावर सकाळी निघा, पण उजाडल्यावर. थंडीत नाशिकचा पारा १० अंशांच्या खाली जातो, नदीकाठी धुकं असतं आणि जानेवारीत सूर्यच सातनंतर उगवतो. पाचला उठून अंधारात निघण्यात काही शौर्य नाही. शनिवार-रविवारी संध्याकाळी गंगापूर रोड टाळा, धरण आणि वायनरीकडून परतणाऱ्या गाड्या भरधाव असतात. द्वारका आणि मुंबई नाका हे चौक आणि महामार्गाचे सर्व्हिस रोड तर विसराच. उजवीकडे वळायचं असेल तर उतरा आणि सायकल हातात धरून रस्ता ओलांडा.

एक धोका फार जणांना माहीत नसतो. डांबराची कड आणि बाजूची माती यांत दोन-तीन इंचांची पायरी असते. मागून बस आली म्हणून माणूस खाली मातीत उतरतो, इथवर ठीक. पण लगेच तिरका परत वर चढायला जातो. चाक त्या कडेला घासत राहतं, वर चढत नाही, आणि तोल रस्त्याच्या बाजूला जातो. खाली उतरलात तर थांबा, सायकल उचलून वर घ्या. पेव्हर ब्लॉकच्या कडेचंही तसंच. कुत्री मागे लागली तर सायकल पळवू नका. उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्यांच्या मध्ये धरा, चालू लागा.

त्र्यंबक नाशिकच्या सीबीएस बस स्थानकापासून २८-३० किलोमीटर आणि नाशिकपेक्षा शंभर मीटरहून जास्त उंच. चढ सलग अंगावर येत नाही, पण जाताना पाय सतत कामाला असतो. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा तोंडावर येतो, तेव्हा हेच अंतर दीडपट वाटतं. तुमच्यासारख्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावं, आणि आधी न दमता २५ किलोमीटर होत असतील तरच. पहिल्या वेळी एकेरी जा, अंजनेरी फाट्याला विसावा घ्या, परतीला मुलाला गाडी घेऊन बोलवा. श्रावणी सोमवार वर्ज्य. पौष वद्य एकादशीच्या आसपास निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिंड्या रस्त्यावर असतात, तेही दिवस सोडा. बॅटरीची सायकल घ्यावी का, असा विचार पुढे आलाच तर २५० वॉटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या सायकलीला नोंदणी किंवा परवाना लागत नाही. पण मुठीने पळणारी नको, पायडल मारल्यावर मदत करणारी घ्या. पहिल्या महिन्यात तीही नको, तिचा झटका नवख्याला पेलत नाही.

तुमच्या सौभाग्यवतींना नक्की येईल. मागून सीट धरून पळू नका. धरणाऱ्यामुळे तोल शिकायचा राहतो, दोघंही पडतात. त्यांच्यासाठी दांडी खाली असलेली सायकल घ्या, सीट दोन्ही पाय पूर्ण टेकतील इतकी खाली करा आणि दोन्ही पायडल काढून टाका. अगदी मंद उताराच्या मोकळ्या जागी त्यांनी सीटवर बसून पायांनी जमीन ढकलत जायचं, आधी चालीने, मग लांब ढांगा टाकत. साडीऐवजी पंजाबी ड्रेस आणि ओढणी घरी. नजर चाकावर नको, दहा-पंधरा पावलं पुढे हवी. दोन्ही पाय उचलून पंधरा-वीस फूट सरळ जाता आलं आणि ब्रेक दाबून थांबता आलं की पायडल परत लावा. पायडल १५ नंबरच्या पान्याने निघतात. उजवं नेहमीसारखं डावीकडे फिरवून सुटतं, डाव्याचे आटे उलटे असतात, ते उजवीकडे फिरवायचं. बसवताना आधी हाताने तीन-चार फेरे सहज गेले पाहिजेत. अडलं तर पान्याने रेटू नका, डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली असेल, आणि क्रँकचे (पायडल ज्यात बसतं त्या दांड्याचे) आटे गेले की क्रँकच बदलावी लागते.