भिंत पाडायला परमिशन लागते का?

प्रश्न: दादरला जुन्या बिल्डिंगमधे आमचा वन बीएचके आहे, फरशी बदलायचीय आणि हॉल-किचनमधली भिंत काढायचीय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो पालिकेत कोण विचारतंय, बिनधास्त पाडा!

उत्तर: ताई, फरशी, प्लास्टर, रंग, नळ बदलणं ही किरकोळ दुरुस्ती झाली, मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३४२ प्रमाणे तिला परवानगी लागत नाही, सोसायटीला तेवढं लेखी कळवा. भिंतीचं तसं नाही. जुन्या बांधकामात कधीकधी भिंतच वरच्या मजल्यांचा भार पेलते, त्यामुळे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि भार घेणारी निघाली तर आर्किटेक्टमार्फत वॉर्ड ऑफिसला रीतसर अर्ज करा. परवानगीशिवाय पाडली आणि त्याच कायद्याच्या कलम ३५४ अ ची काम थांबवायची नोटीस आली की कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाही, निस्तरायचं तुम्हालाच.