मायर आडनावाचं मूळ: स्पेलिंग सोडा, गाव धरा

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. होणाऱ्या जावयाचं आडनाव मायर, त्याचा अर्थ काय? तो 'एम-ए-वाय-आर' लिहितो आणि त्याच्या ऑफिसातला दुसरा मायर 'एम-ई-वाय-ई-आर', तर घराणं एकच का? आणि हे नाव ज्यू आहे असं कुणी सांगितलं, ते खरं का? मी सतरा वर्षं जर्मनीत बीलेफेल्ड शहराच्या बाजूला राहते. सासूबाईंच्या माहेरच्या मायर मंडळींचा माग काढताना चर्चच्या जुन्या वह्यांवर पुष्कळ रात्री जागवल्यात, म्हणून सविस्तर लिहिते.

मूळ शब्द लॅटिन 'मायोर', म्हणजे थोरला. शहराचा मेयर आणि सैन्यातला मेजर हे याचेच भाऊबंद. इ.स. 800 च्या सुमारास फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या शेतजमिनींसाठी जी नियमावली झाली, तिच्यात या मायोरांबद्दल एक कलम आहे: एका दिवसात फिरून देखरेख करता येईल त्याहून जास्त जमीन एकाकडे देऊ नये. मला हे कलम फार आवडतं. सकाळी निघून बांधाबांधाने नजर टाकत अंधार पडायच्या आत परतणारा कारभारी त्यात डोळ्यांपुढे उभा राहतो. जमिनीचा मालक म्हणजे मठ, बिशप नाहीतर सरदार, आणि तो लांब कुठेतरी. कुळांकडून धान्य आणि कोंबड्या-अंडी गोळा करायची, वेठीला माणसं लावायची, बारीकसारीक तंटे ऐकायचे, हे सगळं मायरच्या अंगावर. पुढे मालकांनी मोठाली शेतं खंडाने लावून दिली आणि मायर म्हणजे मोठ्या शेताचा कूळ असा अर्थ झाला. हा हक्क हळूहळू वंशपरंपरेने चालू लागला आणि पदाचं आडनाव झालं, आपल्याकडच्या पाटलासारखंच.

दुसऱ्या शंकेचं उत्तर यातच आहे. गावोगाव कारभारी होते, म्हणून गावोगाव मायर आहेत. वेगवेगळ्या गावच्या दोन पाटलांना आपण भाऊबंद म्हणत नाही, तसंच हे. ओळखू यावेत म्हणून आपण विखे पाटील, कोळसे पाटील म्हणतो. इथे नीडरमायर म्हणजे खालचा, ओबरमायर वरचा, नीमायर नवा. जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर आमच्या शेजारच्या डेटमोल्डचे. त्यांच्या नावातला 'श्टाइन' म्हणजे दगड.

स्पेलिंगवर फार विसंबू नका. 'ई-वाय' उत्तरेकडे जास्त, 'ए-आय' नैर्ऋत्येला श्वाबियाकडे, आणि तुमच्या जावयासारखं शेवटचा 'ई' गाळलेलं बव्हेरिया, अप्पर ऑस्ट्रिया, टिरोल या पट्ट्यातलं. एवढा अंदाज बांधता येतो, त्यापुढे नाही. सासूबाईंच्या एका पूर्वजाच्या तीन वेगवेगळ्या नोंदी मी वाचल्या. बाप्तिस्म्याला 'ई-आय', लग्नाला 'ई-वाय' आणि त्या वायवर दोन टिंबं, दफनाच्या नोंदीत 'ए-आय'. वही तीच, माणूस तोच, फक्त पाद्री बदललेले. कुरेंट या जुन्या जर्मन हस्ताक्षराच्या लिपीत 'ई' हा 'एन'सारखा दिसतो, त्यामुळे पहिले काही दिवस मला ते नावच लागत नव्हतं. 1 जानेवारी 1876 पासून सबंध जर्मन साम्राज्यात जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद सुरू झाली आणि कारकुनाने त्या दिवशी जे लिहिलं तेच पुढे घराण्याला चिकटलं. सख्ख्या भावांच्या वंशजांची स्पेलिंगं वेगळी निघतात ती अशी.

नवखे लोक हमखास अडकतात ते दुसरीकडेच. आमच्या वेस्टफालियात, म्हणजे या बीलेफेल्डच्या मुलखात, नाव शेताचं असायचं, माणसाचं नव्हे. मुलीच्या शेतावर घरजावई आला की तो तिथलं नाव घ्यायचा. नोंदीत दोन नावांमध्ये 'गेनान्ट', म्हणजे 'म्हणून ओळखला जाणारा', असा शब्द दिसला की समजावं, हा माणूस बाहेरून आलाय. म्हणजे दोनशे वर्षं मायर नाव चालू असलं तरी बापाकडचं रक्त मध्येच दोनदा बदललेलं असू शकतं. बव्हेरियात रीत निराळी. तिथे शेताला घरनाव असतं आणि राहणाऱ्याचं आडनाव वेगळं. गावकरी 'मायरकडे जातो' म्हणतील आणि त्या घरात राहणाऱ्यांचं आडनाव भलतंच असेल.

आता ज्यू असण्याबद्दल. हिब्रूत 'मेइर' म्हणजे प्रकाश देणारा, आणि हे पुरुषांचं जुनं नाव आहे. रोथशिल्ड या ज्यू सावकार घराण्याच्या मूळ पुरुषाचं पहिलं नाव मायर होतं ते हेच. ऑस्ट्रियात 1787 मध्ये, प्रशियात 1812 मध्ये, बव्हेरियात 1813 मध्ये ज्यूंना कायम आडनाव घेणं कायद्याने भाग पडलं, तेव्हा कितीतरी जणांनी बापाचं किंवा आजोबाचं नाव आडनाव म्हणून लावलं. उच्चार जुळला आणि दोन वेगळी मुळं एका नावात मिसळली. त्यामुळे नुसत्या आडनावावरून धर्म ठरवता येत नाही, आणि कुणी ठरवत असेल तर थांबवा. या देशात 1930 च्या दशकात नाझी राजवटीत याच चर्चच्या वह्या उघडून माणसांचे आजी-आजोबा तपासले गेले आणि त्यावर त्यांचं भवितव्य ठरलं. हा प्रश्न विहिणीला सहज म्हणूनही विचारू नका.

मग करायचं काय? जावयाच्या घरी लग्न-जन्माच्या दाखल्यांची एक वही असेल, 'श्टामबूख' म्हणतात. तिच्यात आजोबा-पणजोबांचं जन्मगाव शोधा. सरकारी नोंदींपैकी जन्माच्या 110 वर्षांनी, लग्नाच्या 80 वर्षांनी आणि मृत्यूच्या 30 वर्षांनी खुल्या होतात. घर कॅथलिक असेल तर 'मॅट्रिकुला' या संकेतस्थळावर बऱ्याच वह्या फुकट पाहता येतात, बव्हेरियातल्या पासाऊकडच्या तर आहेतच. प्रोटेस्टंट असेल तर 'आर्किऑन', तिथे पैसे पडतात. तीस वर्षांच्या युद्धात (1618 ते 1648) पुष्कळ वह्या जळाल्या, त्यामुळे 1650 च्या मागे जाता आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

गावाचं नाव मिळालं की इथे टाका. जुन्या अक्षराचं पान असेल तर त्याचा स्वच्छ फोटोही टाका, मी वाचून देते.