गोळ्यांचा रकाना

"ताई, त्याने गोळ्या घेतल्या होत्या हे फॉर्मवर लिहायचं की नाही, एवढंच सांगा." अमेरिकेतल्या माझ्या कामात मराठी आया हा प्रश्न वरचेवर विचारतात. या वेळी मुलगा अठरा वर्षांचा होता. त्याला ओंकार म्हणू या, खरं नाव वेगळं आहे. त्याला अमेरिकेच्या सैन्यात जायचं होतं. नवव्या वर्षापासून त्याने एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यासाठी, गोळ्या घेतल्या होत्या आणि दहावीच्या शेवटी डॉक्टरांशी बोलून बंद केल्या होत्या. कुणीतरी अनुभवी माणसाने त्याला सांगितलं होतं, "तो रकाना रिकामाच ठेव, कोण बघतंय?"

बघतात. २०२२ पासून भरतीच्या वैद्यकीय तपासणी केंद्रांत, म्हणजे मेप्समध्ये, जेनेसिस ही संगणक प्रणाली वापरतात. तिच्यातून बाहेरच्या डॉक्टरांकडच्या नोंदीही समोर येऊ शकतात. आणि समजा आल्या नाहीत, तरी मुद्दाम खोटी माहिती देऊन भरती होणं हा लष्करी कायद्याने गुन्हाच आहे. हे मी आईला स्पष्ट सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे औषध दिलं हीच आमची चूक झाली का?"

त्यांचा खरा प्रश्न हा होता. मी म्हटलं, "चूक कसली? त्या गोळ्यांमुळे त्याचं तिसरी-चौथीचं वर्ष निभावलं." गोळी घेतली म्हणून दार कायमचं बंद होत नाही. गोळी कशासाठी होती, कधी सुटली आणि सुटल्यावर मुलाचं कसं चाललंय, हे पाहिलं जातं. संरक्षण विभागाच्या वैद्यकीय निकषांत एडीएचडीसाठी मागच्या २४ महिन्यांत औषध लिहून दिलेलं नसावं अशी अट आहे. नैराश्याच्या उपचारासाठी ती मुदत ३६ महिन्यांची आहे आणि त्यात नुसतं समुपदेशनही उपचारात धरतात. काही आजारांसाठी या मुदती कमी करण्याचा प्रयोगही २०२२ मध्ये सुरू झाला, त्यामुळे अर्ज करताना चालू नियम पाहावा लागतो.

"मग झालंच की," ओंकार म्हणाला. "मला सोडून सत्तावीस महिने झाले."

मी त्याला घरातली शेवटची बाटली आणायला सांगितलं. पुढच्या भेटीला आणली. नारिंगी बाटली, पांढरं झाकण, आत जवळजवळ सगळ्या गोळ्या तशाच. लेबलवरची तारीख मात्र त्याने गोळ्या सोडल्यानंतर सात महिन्यांची! आईने "पुन्हा लागल्या तर असू देत" म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन ती आणली होती. त्याच्या हिशोबाने सत्तावीस महिने, फार्मसीच्या हिशोबाने वीस. नोंदीत फार्मसीची तारीख दिसणार. आईने बाटली हातात घेतली आणि लेबलवरून अंगठा फिरवत राहिल्या.

दुसरी गोष्ट कुणाच्या ध्यानातच नव्हती. परीक्षेत जादा वेळ मिळावा म्हणून शाळेने त्याच्यासाठी ५०४ प्लॅन, म्हणजे अडचण असलेल्या मुलांसाठीची लेखी सवलत-योजना, केला होता आणि तो पंधराव्या वर्षापर्यंत चालू होता. चौदाव्या वाढदिवसानंतर अशी सवलत घेतली असेल तर तीही निकषात अडते. म्हणजे चोविसावा महिना उलटला तरी त्याला वेव्हर, म्हणजे निकषातून सूट, लागणारच होता. मेप्सचा डॉक्टर निकष बसतो की नाही एवढंच सांगतो. वेव्हर द्यायचा की नाही हे ज्या दलात जायचं ते दल ठरवतं. एका दलाने नकार दिला म्हणून दुसरंही देईलच असं नाही.

मग आम्ही कागद जमवायला बसलो. डॉक्टरांची चिठ्ठी: गोळ्या कधी आणि का थांबवल्या, नंतरची बाटली वापरलीच नाही. गोळीशिवायच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका. गोदामात शनिवार-रविवार काम करत होता, तिथल्या मॅनेजरचं पत्र. ते पत्र मला सगळ्यांत वजनदार वाटतं, कारण पहाटे पाचला न चुकता हजर राहणारा मुलगा त्यात दिसतो. फार्मसीच्या हिशोबाने चोवीस महिने भरायला अजून चार हवे होते, तेवढं थांबायला तो तयार नव्हता. मीच आग्रह धरला.

या बैठकांत त्याची पंधरा वर्षांची बहीण एकदा दारात उभी होती. ती अजून गोळ्या घेते. "मग मी आजपासून बंद करू का?" तिने विचारलं. मी हातातलं काम बाजूला ठेवलं. नाही, बाळा. भरतीसाठी गोळी थांबवायची नाही, थांबवायची तर तब्येत पाहून आणि डॉक्टरांना विचारूनच. गोळीवाचून लक्ष लागत नसताना महिने मोजत बसलीस तर शाळाही हातची जाईल. आईनेही मान हलवली. ही मान हलायला मला तीन भेटी लागल्या होत्या.

चार महिन्यांनी एका संध्याकाळी ओंकारचा फोन आला. फॉर्म समोर होता. त्याने फक्त औषधाच्या नावाचं स्पेलिंग विचारलं.