नागपुरात जुन्या चवीचा पिझ्झा अजून मिळतो का? आणि नवी इटालियन ठिकाणं कशी आहेत?

मिळतो. फक्त तो इटालियन हॉटेलात शोधू नका, बेकरीत शोधा.

तुम्ही लिहिलंय की नव्वदच्या दशकात तुम्ही व्हीआरसीईला, म्हणजे आताच्या व्हीएनआयटी इंजिनिअरिंग कॉलेजात, शिकायला होतात. आता डिसेंबरात बायको, मुलं आणि कांदा-लसूण न खाणाऱ्या सासूबाईंना घेऊन येताय, तेव्हाचा पिझ्झा सगळ्यांना खिलवायचाय आणि एका संध्याकाळी चांगल्या इटालियन ठिकाणीही जायचंय. मी धरमपेठेत लहानाचा मोठा झालो, अजून इथंच राहतो. घरी पीठ आंबवून पिझ्झा भाजतो आणि गावात नवीन ठिकाण उघडलं की जाऊन खाऊन येतो. विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी जुन्याबद्दल. तुम्हाला आठवतो तो पिझ्झा ज्या बेसवर बनायचा तो बेकरीवालाच भाजायचा: बोटभर जाड, पावासारखा मऊ, किंचित गोडसर, वरून काट्याने टोचलेला. प्लास्टिकच्या पिशवीत तो काउंटरवर ठेवलेला असायचा. ऑर्डर आली की आधी तव्यावर लोणी टाकून बेस खालून शेकायचा. मग सॉस, म्हणजे कांदा-लसूण-टोमॅटो परतून त्यात घातलेलं केचप. त्यावर सिमला मिरची, कांदा आणि टोमॅटोच्या चकत्या, आणि सगळ्यात वर अमूल चीजचा कीस. मग छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, कीस बदामी होईपर्यंत. स्टीलच्या ताटलीत चार तुकडे करून पुढ्यात यायचा. ओरिगॅनोची पुडी नव्हती, मिरपूड होती.

त्या पिझ्झ्याला चीजची तार येत नसे. कारण साधं आहे. तेव्हा मोझरेला इथल्या दुकानात सहज मिळत नव्हतं आणि सगळे प्रोसेस्ड चीज वापरायचे. प्रोसेस्ड चीज तयार करताना ते क्षार घालून पुन्हा वितळवतात. त्यामुळे ते मऊ, एकजीव होतं पण लांबत नाही. मोझरेला बनवताना साखळवलेल्या दुधाचा चोथा गरम पाण्यात मळून ताणतात आणि ती ताण घ्यायची सवय त्यात शेवटपर्यंत राहते. पण तार नसली तरी त्या पिझ्झ्यात दोन गोष्टी होत्या ज्या आता क्वचित भेटतात. एक, खालून लोण्यात शेकल्याचा खरपूसपणा. दुसरी, खारट चीज आणि गोडसर बेस यांची जोडी. हा पिझ्झा इटलीतून आलेला नाही. तो आपल्या बेकऱ्यांचा पदार्थ आहे आणि त्याची परीक्षा त्याच्याच मापाने व्हायला हवी. इटलीतल्या नेपल्सच्या पिझ्झ्याशेजारी ठेवून त्याला नावं ठेवणारे लोक मला मुळीच पटत नाहीत.

मग साखळी दुकानं आली. डॉमिनोजचं भारतातलं पहिलं दुकान १९९६ साली दिल्लीत उघडलं, त्याच वर्षी पिझ्झा हट बेंगळुरूला आलं. आपल्याकडे पोचायला त्यांना अजून काही वर्षं लागली, पण आल्यावर त्यांनी शहराची सवयच बदलून टाकली. तुकडा उचलला की तार किती लांब येते यावर पिझ्झा चांगला की वाईट हे ठरू लागलं. ओरिगॅनो आणि चिली फ्लेक्सच्या पुड्या घरोघरी डब्यात साठल्या. त्यांचं एक मात्र मान्य करायला हवं, चव रोज सारखी असते. सीताबर्डीला खा की मनीषनगरात, फरक नाही. मुलं हट्ट करतील तेव्हा जा, त्याबद्दल वेगळं काही सांगण्यासारखं नाही.

या दोघांच्या मधला एक प्रकार लोक विसरलेत. तेव्हाच्या मोठ्या हॉटेलांच्या मेन्यूवर शेवटच्या पानावर 'कॉन्टिनेंटल' असायचं. बेक्ड व्हेजिटेबल, व्हेज ऑ ग्रातँ आणि अननसाचे तुकडे घातलेली बेक्ड मॅकरोनी. मैदा लोण्यात परतून दुधात शिजवलेला पांढरा सॉस, वर चीज आणि ओव्हनमधून येताना कडेला करपलेली साय. माझ्या आईच्या पिढीसाठी 'इटालियन' म्हणजे हेच होतं आणि लग्नाच्या बुफेतही त्याचा एक काउंटर असायचा. इटालियन लोकही लझान्यात दूध-मैद्याचाच पांढरा सॉस घालतात, म्हणजे आपली मंडळी मुळापासून फार लांब नव्हती. अननस तेवढा आपला. सासूबाईंना पिझ्झा नको असेल तर कांदा-लसूण न घालता ही मॅकरोनी बनवून द्यायला कोणतंही जुनं शाकाहारी हॉटेल तयार होईल. पुण्यात १९८९ साली सुरू झालेल्या लिटल इटलीने पूर्ण शाकाहारी इटालियन जेवण चालतं हे दाखवून दिलं. त्यानंतर गावोगावच्या मेन्यूंवर रिसोतो आणि राव्हिओली ही नावं दिसायला लागली.

आता नवी ठिकाणं. वेस्ट हायकोर्ट रोड, शंकरनगर, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स आणि वर्धा रोड या पट्ट्यात लाकडाच्या भट्टीचा पिझ्झा देणारे कॅफे निघालेत. नावांची यादी मुद्दाम देत नाही. हे कॅफे लवकर मालक बदलतात, शेफ सोडून जातो आणि बोर्ड तोच राहतो. डिसेंबरापर्यंत माझी यादी शिळी झालेली असेल. त्यापेक्षा ओळखायचं कसं ते सांगतो.

पहिल्यांदा साधा मार्गेरिटाच मागवा. टोमॅटो, मोझरेला, तुळशीच्या जातीतलं बेसिल आणि ऑलिव्ह तेल, एवढंच. पनीर टिक्का किंवा सावजी चिकन वर घातलं की मसाला सगळे दोष झाकतो. मार्गेरिटात झाकायला काही नसतं. तुकडा आला की आधी उलटा करून बघा. खालचा भाग एकसारखा पांढरा असेल तर भट्टी पुरेशी तापलेली नव्हती. छोटे छोटे काळे-तपकिरी ठिपके असतील आणि मधला भाग पातळ, मऊ असेल तर काम जाणकाराचं आहे.

यामागे हिशोब आहे. नेपल्सच्या पिझ्झा बनवणाऱ्यांची एक संस्था १९८४ पासून आहे आणि तिचे नियम लेखी आहेत. पिझ्झा ३५ सेंटीमीटरपेक्षा मोठा नको, कड एक-दोन सेंटीमीटर फुगलेली हवी, आणि साडेचारशे अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत तो साठ ते नव्वद सेकंदांत भाजून निघायला हवा. २०१७ साली युनेस्कोने ही कला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. एवढ्या झटपट भाजल्यामुळे कड वरून खुसखुशीत होते आणि आत ओलसर राहते. विजेच्या साध्या ओव्हनमध्ये अडीचशे अंशांवर तोच पिझ्झा आठ-दहा मिनिटं बसतो आणि वाळून टोस्ट होतो.

आपल्या बेकऱ्यांच्या विटांच्या भट्ट्याही लाकडावरच चालत आल्यात. फरक असा की पाववाला आधी जाळ करून भट्टी तापवतो, निखारे बाजूला काढतो आणि उतरत्या आचेवर पाव भाजतो. पिझ्झेवाला जाळ आतच एका कडेला जिवंत ठेवतो आणि त्याच्या शेजारी पिझ्झा फिरवतो. त्यामुळे कॅफेत गेलात तर जमल्यास भट्टी दिसेल अशा टेबलावर बसा. भाजणारा दर काही सेकंदांनी लांब दांड्याने पिझ्झा फिरवतोय का ते बघा. आत सरकवून तो फोनवर बोलायला लागला, तर एक बाजू करपणार हे नक्की.

पिठाची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कणीक, म्हणजे मैदा-पाणी-मीठ-यीस्ट, आठ तासांपासून पार चोवीस तासांपर्यंत हळूहळू आंबते. चव येते ती इथं, वरच्या चीजमध्ये नाही. आणि नागपुरात हेच अवघड आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा बाहेर ठेवलेलं पीठ दोन-अडीच तासांत फसफसून आंबट होतं, लाटताना फाटतं. सगळं काम फ्रिजमध्येच करावं लागतं आणि भट्टीसमोर उभं राहणाऱ्या पोट्ट्यांचे जे हाल होतात ते वेगळेच. उन्हाळ्यात ज्यांची कड हलकी लागते त्यांना मी मनापासून मानतो. तुम्ही डिसेंबरात येताय हे फार चांगलं, तेव्हा रात्री गारवा असतो आणि पीठ सावकाश आंबतं. गावातला सगळ्यात चांगला पिझ्झा दरवर्षी मी थंडीतच खाल्लाय.

पास्त्याच्या बाबतीत मी अजून समाधानी नाही. बहुतेक किचनमध्ये सकाळीच पास्ता उकडून, तेल चोळून ठेवतात आणि ऑर्डर आली की सॉसमध्ये परततात. तो मऊ, फुगलेला येतो. चांगला पास्ता दाताखाली थोडा लागायला हवा, कारण तो ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो आणि हा गहू कडक असतो. आपल्याकडचा बन्सी गहू त्याच जातकुळीचा आहे. विदर्भात आज्या-पणज्या त्याच्या शेवया करत आल्या आणि त्या शिजून कधी लगदा होत नसत. तेव्हा वेटरला स्पष्ट सांगा, पास्ता आत्ता उकडून द्या, पंधरा मिनिटं थांबतो. जिथं आनंदाने 'हो' म्हणतील तिथं बाकीचंही चांगलं असतं. मेन्यूवर 'पिंक सॉस' दिसला तर तो आपला देशी प्रकार समजा, मुलांना आवडतो, खुशाल खाऊ द्या. लसूण आणि सुकी मिरची तेलात परतून केलेली स्पॅगेटी मात्र तुम्ही स्वतःसाठी मागवा. मी ती घरी भिवापुरी मिरचीने करतो. रंग असा चढतो की विचारू नका.

मोझरेलाबद्दल एक इच्छा बोलून दाखवतो. इटलीतलं नावाजलेलं मोझरेला म्हशीच्या दुधाचं असतं. विदर्भाची स्वतःची नागपुरी म्हैस आहे, मागे मानेपर्यंत गेलेल्या लांब शिंगांची. दूध कमी देते पण इथलं ऊन सोसते. तिच्या दुधाचं ताजं मोझरेला इथल्याच भट्टीत वितळताना मला बघायचंय. कुणी हे करायला घेतलं तर मी पहिल्या दिवसापासूनचा गिऱ्हाईक.

आता सासूबाई. नव्या ठिकाणी 'जैन पिझ्झा मिळेल' असं पटकन सांगतात, पण सॉस सकाळीच लसूण घालून शिजवलेला असतो आणि तोच सगळ्यांना जातो. म्हणून 'कांदा-लसूण घालू नका' एवढ्यावर थांबू नका, 'सॉस वेगळा करता का' असं विचारा. नाही म्हणाले तर सॉसऐवजी ताज्या टोमॅटोच्या चकत्या घालून द्यायला सांगा. पेस्टो, म्हणजे बेसिलची इटालियन चटणी, टाळा, त्यात लसूण असतोच. शिवाय अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने (दूध साखळवणाऱ्या पदार्थाने) बनतं, त्यामुळे कट्टर शाकाहारी माणसाला ते चालत नाही. अमूलच्या चीजला हा प्रश्न नाही, त्याचं रेनेट सूक्ष्मजीवांपासूनचं असतं. हल्दीरामच्या प्लॅनेट फूडमध्ये पिझ्झा आणि चाट एकाच छताखाली मिळतं. मुलांचा आणि त्यांचा एकदम प्रश्न सुटावा असं वाटलं तर तिथं न्या.

जुन्या पिझ्झ्यासाठी बजाजनगर, लक्ष्मीनगर, गोकुळपेठ या तुमच्याच ओळखीच्या भागातून एक चक्कर मारा. गाडी ठेवून पायी. काउंटरवर बेसची पाकिटं आणि मागे छोटा ओव्हन दिसला की थांबा. मालकाला सांगा: बेस लोण्यात शेकून द्या, चीज अमूलचंच घाला, मोझरेला नको. वय झालेला मालक असेल तर त्याला लगेच कळेल तुम्हाला काय हवंय ते. सासूबाईंचा बेस तिथंही सॉसशिवाय करून घ्या.

दोन्ही एकाच दिवशी करू नका. बेकरी दुपारी चार-पाचच्या सुमाराला, भुकेच्या वेळी. भट्टीचा पिझ्झा दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत, कारण नंतर गर्दी वाढते, भट्टीवर एकदम पाच-सहा पिझ्झे चढतात आणि आच बसते. आणि तो पार्सल करून हॉटेलवर नेऊ नका. डब्यात वाफ धरते आणि दहा मिनिटांत कड चिवट होते. शंकरनगर आणि एलएडी चौकात आता मेट्रो थांबते, पार्किंग शोधत फिरायची गरज नाही. जायच्या आदल्या दिवशी कॅफेला फोन करून एवढंच विचारून घ्या की भट्टी त्या दिवशी पेटवणार आहेत का. काही ठिकाणी ती फक्त शनिवार-रविवारी पेटते आणि बाकीचे दिवस विजेच्या ओव्हनवर काम चालतं.