दोन्ही केलं तर बाबा काय म्हणतील?

"घरचे म्हणतात, एक तर हे कर, नाहीतर ते. मी काय निवडू?" ही तक्रार घेऊन माझ्याकडे येणारी मुलं इंदूरमध्ये बरीच. भंवरकुआं या भागातल्या क्लासेसमधली तर विचारूच नका.

त्यातलीच एक मुलगी (तपशील बदलले आहेत), एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाची) पूर्वपरीक्षा देऊन निकालाची वाट बघणारी. बाबा म्हणाले होते, "एक तर परीक्षेचं नीट बघ, नाहीतर आम्हाला स्थळं बघू दे." तिने काढलेला अर्थ असा: अभ्यास चालू ठेवला तर लग्नाचा विषय बंद, आणि एखाद्या मुलाला भेटलं की पुस्तकं माळ्यावर.

मी कागदावर चार चौकटी आखल्या. फक्त अभ्यास, फक्त स्थळं, दोन्ही, दोन्ही नाही. बाबा कशावर भडकतील? तिने शेवटच्या दोन चौकटींवर फुल्या मारल्या. पुढच्या वेळी बाबांना तशाच कोऱ्या चौकटी दिल्या. त्यांची फुली एकच, "दोन्ही नाही"वर, तीही इतकी दाबून की कागद फाटला. "नुसतं मोबाइल घेऊन बसणं नको. दोन्ही करत असेल तर माझी कशाला हरकत?"

फॉर्मसोबत "आधार किंवा मतदार कार्ड" मागतात, तेव्हा दोन्ही असलेल्याला कोणी परत पाठवत नाही, हे सगळ्यांना कळतं. घरात आवाज चढला की मात्र तशाच वाक्याची धमकी होते, आणि एक धरलं म्हणजे दुसरं सुटलं असा हिशेब आपण करून टाकतो. बाबांच्या वाक्यातून निघतं ते इतकंच, की एक सोडलं तर दुसरं करावं लागेल. म्हणून आधी सरळ विचारावं, "दोन्ही चालेल का?"

तरी ती अडलीच. "निकाल लागू दे, मग स्थळ म्हणून आलेल्या मुलाला भेटायचं की नाही ते सांगते."

पास झालीस तर? "भेटेन." नापास? "तरी भेटेन."

ट्वर्स्की आणि शफीर या मानसशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये असाच घोळ दाखवला होता. परीक्षा पास झालात असं समजा म्हटल्यावर निम्म्याहून जास्त विद्यार्थी हवाई बेटांची स्वस्त सहल घ्यायला तयार. नापास समजा म्हटलेल्या गटातही तेच. निकाल अजून कळायचाय असं सांगितलेल्या गटात मात्र फक्त ३२ टक्के. उलट ६१ टक्के जण ५ डॉलर भरून निर्णय पुढे ढकलायला राजी!

तिने भेटीची तारीख निकालाआधीची घेतली. तिची दोन उत्तरं वेगळी आली असती, तर मीच तिला थांब म्हटलं असतं.